धक्कादायक निकाल लागलाय? पुढच्या २४ तासांत या चुका टाळा

मोठी टीम एखाद्या नवख्या टीमकडून हरली, किंवा सगळ्या एक्झिट पोलनी ज्यांना सत्तेत बसवून टाकलं होतं ते मतमोजणीत आपटले, की पुढचा एक दिवस लोकांचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. एक जण म्हणतो सेटिंग आहे, दुसरा म्हणतो मी तर आधीच सांगितलं होतं, तिसरा ग्रुप सोडून जातो, चौथा तावातावाने अशी पोस्ट टाकतो जी त्याला सकाळी डिलीट करावी लागते. निकाल अनपेक्षित होता याचा अर्थ खरं तर एवढाच असतो की अंदाज चुकला. पण तो कुठे चुकला हे सोडून आपण बाकी सगळं शोधत बसतो, गद्दार शोधतो, पनवती शोधतो, कट शोधतो. म्हणून हा लेख. काही चुका फार महागात पडतात त्यावर जास्त लिहिलंय, बाकीच्या पटकन उरकल्यात.

पहिल्या तासाभरातच निकाल लावून मोकळं होणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि टाळायला सगळ्यात सोपी, तरी दर वेळी होतेच. मोजणी सुरू झाली की पहिले जे आकडे येतात ते सगळ्या मतदारांचं सॅम्पल नसतं, ते फक्त आधी मोजलेल्या मतांचे आकडे असतात. भारतात आधी पोस्टल मतं घेतात मग ईव्हीएमच्या फेऱ्या सुरू होतात, आणि कोणत्या फेरीत कुठली बूथ येतात त्यावर आघाडी वरखाली होत राहते, त्यामुळे पाचव्या फेरीत मागे असलेला उमेदवार पंधराव्या फेरीत आरामात पुढे असू शकतो आणि यात काहीच जादू नसते. अमेरिकेत २०२० ला पेनसिल्व्हेनियात हेच मोठ्या लेव्हलला झालं. तिथल्या कायद्याप्रमाणे पोस्टाने आलेली मतं मतदानाच्या दिवसाआधी उघडायचीच नव्हती, आणि ती मतं जास्त करून डेमोक्रॅट्सची होती, त्यामुळे रात्री ट्रम्प भरपूर पुढे आणि मग हळूहळू बायडेन वर येत गेले, शेवटी ८० हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. मोजणीचा क्रम माहीत असलेल्यांना हे अपेक्षित होतं, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटलं रात्रीत मतं घुसवली.

आणि ही चूक फक्त आपल्यासारखे लोक करतात असं नाही. १९४८ च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिकागो ट्रिब्यून या पेपरने छापण्याची घाई केली (छपाई कामगारांच्या संपामुळे पेपर लवकर छापायला जात होता) आणि पहिल्या पानावर ड्यूईंनी ट्रुमनना हरवल्याचं मोठ्या अक्षरात छापून टाकलं. जिंकले ट्रुमन. तोच पेपर हातात धरून हसणाऱ्या ट्रुमनचा फोटो अजून फिरतो.

मॅचचंही तसंच. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७ होता, कपिल देव नाबाद १७५ मारून गेला. ७ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१ होती, टार्गेट २९२ चं, आणि मॅक्सवेलने पायात गोळे आलेले असताना नाबाद २०१ मारले. त्या ९१ वर किती लोकांनी "अफगाणिस्तानचा ऐतिहासिक विजय" टाइप करून ठेवलं असेल कोण जाणे.

उपाय काय? मतमोजणीत आघाडी किती आहे ते बघू नका, अजून किती मतं मोजायची आहेत आणि ती कुठली आहेत ते बघा. एवढं एक बघितलं तरी अर्धा ताप वाचतो.

टक्क्यांचा अर्थ उलटा लावणं

कोणी म्हटलं अमुक जिंकण्याची शक्यता ७० टक्के, की आपण ऐकतो "अमुक जिंकणार". मग तो हरला की "यांना काही कळत नाही". अरे पण ७० म्हणजे दहापैकी तीनदा तो हरणार असंच त्यांनी सांगितलं होतं ना! २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत निवडणुकांचे अंदाज देणाऱ्या फाइव्हथर्टीएट या वेबसाइटने ट्रम्पना शेवटच्या दिवशी साधारण २९ टक्के शक्यता दिली होती, दुसऱ्या काही मॉडेल्सनी क्लिंटन यांना ९८-९९ टक्के दिले होते. निकालानंतर लोकांनी दोघांनाही एकाच काठीने झोडपलं. पण २९ टक्के म्हणणारा आणि १ टक्का म्हणणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने रिस्क आहे असं सांगितलं होतं, दुसऱ्याने रिस्क जवळपास नाहीच म्हणून सांगितलं होतं.

आणखी एक गणित करून बघा, मजा येते. समजा एखाद्या स्पर्धेत २० मॅचेस आहेत आणि प्रत्येकीत तगडी टीम जिंकायची शक्यता ९० टक्के आहे. आता सगळ्याच्या सगळ्या २० मॅचेस तगड्या टीमनेच जिंकायची शक्यता किती? फक्त १२ टक्के. म्हणजे कुठला ना कुठला उलटफेर होणार हे जवळपास नक्की असतं, कुठला ते फक्त माहीत नसतं. म्हणून "असं कधी होत नाही" म्हणणारा माणूस दर वर्ल्डकपला तोंडावर पडतो.

खेळाचा प्रकारही बघावा लागतो. फुटबॉलमध्ये गोल कमी, त्यामुळे एखाद्या गोलवर सगळं फिरतं. २२ नोव्हेंबर २०२२ ला कतारच्या वर्ल्डकपमध्ये लुसेलला अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्येच तीन गोल ऑफसाइड ठरले, सौदी अरेबियाने दुसऱ्या हाफमध्ये पाच मिनिटांत दोन मारले आणि २-१ ने मॅच नेली. पाच दिवसांच्या कसोटीत असं व्हायला जास्त अवघड, टी-ट्वेंटीत जास्त सोपं. हे माहीत असलं तर टी-ट्वेंटीतला धक्का पचवायला जरा बरं पडतं.

"मला तर आधीपासूनच माहीत होतं"

ही चूक करताना माणूस खोटं बोलत नसतो, हीच गंमत आहे. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाण्याआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतले, काय काय होईल त्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांना विचारलं की तेव्हा तुम्ही किती आकडा सांगितला होता. जे खरोखर झालं होतं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती अशी त्यांना आठवण होती. म्हणजे डोकं गुपचूप जुनं उत्तर खोडून नवीन लिहितं.

यात तोटा असा की आपण कुठे चुकलो होतो हेच कळत नाही, मग पुढच्या वेळी तसंच चुकतो. उपाय एकदम साधा, निकालाआधी आपला अंदाज आकड्यात लिहून ठेवा, तारीख टाकून, मोबाइलच्या नोट्समध्ये का असेना. "अटीतटीची होईल" असं लिहू नका, तो अंदाज नव्हे, ते पळवाट काढून ठेवणं आहे. आणि ज्याने आधी काहीच लिहिलेलं नाही त्याच्या "मी म्हटलं होतं" ला फार मनावर घेऊ नका.

सेटिंग, सेटिंग, सेटिंग

इथे जरा थांबून बोलायला हवं कारण हा विषय दोन्ही बाजूंनी बिघडतो. संशय घेणं चूक नाही. खेळात फिक्सिंग झालेलं आहे, २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कॅप्टन हॅन्सी क्रोनिएने बुकीकडून पैसे घेतल्याचं कबूल केलंय, निवडणुकांमध्येही जगात जागोजागी घोटाळे झालेत. चूक आहे ती "मला निकाल पटत नाही म्हणजे सेटिंगच असणार" या उडीत. आपल्याला धक्का बसला हा पुरावा नसतो.

२००७ चं उदाहरण बघा. १७ मार्चला वर्ल्डकपमध्ये आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं, त्याच दिवशी बांगलादेशने भारताला हरवलं. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे कोच बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि हॉस्पिटलमध्ये त्यांना मृत घोषित केलं. जमैकाच्या पोलिसांनी खून म्हणून तपास सुरू केला, आणि मग काय, सट्टेबाज, माफिया, खेळाडू, कोणालाही सोडलं नाही लोकांनी. जूनमध्ये त्याच पोलिसांनी जाहीर केलं की मृत्यू नैसर्गिक होता. नंतरच्या चौकशीत ज्युरीने कुठलाच ठाम निष्कर्ष दिला नाही हे खरं, पण खेळाडूंवर आधीच जो चिखल उडाला होता तो काही परत घेता आला नाही.

मग संशय आला तर करायचं काय? ठोस प्रश्न विचारायचे. कुठल्या बूथवर, किती मतं, कोणती नोंद आणि कोणती नोंद जुळत नाही? भारतात प्रत्येक बूथवर किती मतं पडली त्याची नोंद फॉर्म १७सी मध्ये असते आणि त्याची प्रत उमेदवारांच्या एजंटांना मिळते, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मशीनशी पडताळून बघतात, एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पैसे भरून ५ टक्के मशीन तपासायची मागणी करता येते, आणि निवडणूक याचिका हायकोर्टात ४५ दिवसांच्या आत करता येते. जे या वाटेने जातात त्यांचं ऐकावं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२० ला पन्नास लाखांच्या आसपास मतपत्रिका हाताने परत मोजल्या, विजेता तोच राहिला.

एक टेस्ट स्वतःवर करून बघा: हाच निकाल, हेच मशीन, हाच अंपायर, पण जिंकलेली बाजू तुमची असती तर तुम्ही हाच प्रश्न विचारला असता का? नसता विचारला तर सध्या पोस्ट करू नका, एवढंच.

एका माणसाच्या डोक्यावर खापर

माझ्या मते ही यादीतली सगळ्यात घाण चूक आहे, कारण बाकीच्यांत आपलं नुकसान होतं, यात दुसऱ्याचं होतं.

१९५० च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या शेवटच्या मॅचला ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती, घरचं मैदान होतं, मारकाना खच्चून भरलेलं, आणि उरुग्वेने २-१ ने हरवलं. खापर फुटलं गोलकीपर बार्बोसावर, आणि २००० मध्ये तो गेला तोपर्यंत त्याला ते चिकटून राहिलं. पन्नास वर्षं! त्या टीमने बरोबरीसाठी खेळायचं सोडून काय केलं, अकरा जणांतल्या बाकीच्या दहांनी काय केलं, हे कोणी फार विचारलं नाही. १९९४ ला कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला, टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि थोड्याच दिवसांत, २ जुलैला, मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं.

आता म्हणाल आपण काय गोळ्या घालतो का. नाही, पण २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने भारताला १० विकेट्सनी हरवलं तेव्हा भारताच्या एकाही बॉलरला विकेट मिळाली नव्हती, एकालाही नाही, तरी ऑनलाइन शिव्या आणि देशद्रोहाचे आरोप झाले ते एकट्या मोहम्मद शमीवर, आणि ते का हे सगळ्यांना माहीत आहे. कोहलीने नंतर उघडपणे त्याची बाजू घेतली ते बरं केलं. २००७ ला बांगलादेशकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चाल करून गेले होते, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच धोनीने टी-ट्वेंटी वर्ल्डकप आणला. तेव्हा मिरवणुकीत कोण कोण होतं ते विचारू नका.

निवडणुकीत या चुकीचं रूप वेगळं असतं, तिथे एक माणूस मिळत नाही म्हणून एक अख्खा गट पकडतात. अमुक जातीने दगा दिला, तमुक धर्माने एकगठ्ठा केलं, खेड्यातले अडाणी, शहरातले आळशी, म्हातारे स्वार्थी, पोरं बिघडलेली. ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायची का यावरच्या मतदानात, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के होते. एवढ्या कमी फरकात कुठलाही छोटा गट "यांच्यामुळेच झालं" म्हणून दाखवता येतो, आणि प्रत्येक जण आपल्याला आधीपासून न आवडणारा गटच दाखवतो. राजस्थानात २००८ ला सी. पी. जोशी नाथद्वारातून एका मताने हरले होते. एका मताने! आता कारण शोधा, ज्याने त्या दिवशी कंटाळा केला असा प्रत्येक समर्थक कारण आहे.

एका निकालावरून युग बदललं म्हणणं

२०१९ ला भाजपला ३७.४ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ३०३ जागा, २०२४ ला ३६.६ टक्के मतं आणि २४० जागा. मतांमध्ये एक टक्कासुद्धा पूर्ण कमी झाला नाही, जागा ६३ गेल्या. जागा बघून बोलणारा म्हणेल लाट ओसरली, मतं बघून बोलणारा म्हणेल काहीच झालं नाही, आणि दोघेही अर्धवट बोलतायत, कारण मतं कुठे वाढली आणि कुठे घटली यावर खेळ असतो. असंच २०१६ ला क्लिंटन यांना देशभरात ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं होती आणि तीन राज्यांतल्या मिळून ८० हजारांपेक्षा कमी मतांनी अध्यक्षपद गेलं. ती मतं इकडची तिकडे झाली असती तर तेच विश्लेषक, तोच देश, आणि बरोबर उलटे लेख.

तेव्हा निकालानंतर दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मत बनवू नका, मतांचा टक्का आणि जागा. खेळात स्कोअरबोर्डबरोबर मॅच कशी झाली तेही बघा.

"पोलवाले सगळे विकले गेलेत" किंवा "पोलवर विश्वासच नको"

२०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर नेलं, काहींनी ४०० पर्यंत, आले २९३. राग येणं साहजिक आहे. पण इथे समजून घेण्यासारखी गोष्ट ही की दहा पोल सारखंच सांगतायत म्हणजे दहा वेगळे पुरावे नाहीत. सगळ्यांना एकाच प्रकारचे मतदार उत्तर द्यायला टाळत असतील तर दहाही एकाच बाजूला चुकतात. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला लिटररी डायजेस्ट या मासिकाने एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पोल घेणाऱ्या गॅलपने कितीतरी छोट्या सॅम्पलवर विजेता बरोबर सांगितला होता. सॅम्पल कसं निवडलं हे महत्त्वाचं, मोठं किती हे नंतर. पोल बघताना सरासरी बघा आणि मनात दोन्हीकडे मोठी जागा सोडा, चॅनलवरचा अँकर जेवढी सोडतो त्याच्या दुप्पट.

पैसे हलवणं

थोडक्यात सांगतो. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या खुशीत सेन्सेक्स अडीच हजारांच्या आसपास वर गेला, ४ जूनला निकालाच्या दिवशी ४,३९० अंकांनी पडला आणि ७ जूनला परत नवीन उच्चांकावर बंद झाला. जो ४ तारखेला घाबरून विकून बसला त्याने सगळ्यात वाईट दिवशी विकलं. याचा अर्थ बाजार नेहमी तीन दिवसांत सावरतो असा नाही, पण निकालाच्या दिवशी, डोकं तापलेलं असताना, विकायचंही बटण दाबू नका आणि घ्यायचंही. सट्ट्यात गेलेले पैसे पुढच्या मॅचवर डबल लावून काढायचे असा विचार येत असेल तर तिथेच फोन दुसऱ्याकडे द्या, ही खरंच सीरियस सूचना आहे.

शरीराकडे दुर्लक्ष

हसू नका. २००६ च्या वर्ल्डकपला म्युनिक आणि आसपासच्या भागातल्या डॉक्टरांनी नोंद ठेवली, जर्मनीच्या मॅचच्या दिवशी हृदयाच्या इमर्जन्सी केसेस एरवीच्या अडीच पटीहून जास्त होत्या. आधीपासून हृदयाचा त्रास असलेल्यांना धोका जास्त होता. घरात असं कोणी असेल तर पेनल्टी शूटआउटला गोळ्या घेतल्यात का ते विचारा, आणि छातीत दुखलं तर "टेन्शनमुळे असेल" म्हणत मॅच संपायची वाट बघू नका.

मनाचं म्हणाल तर ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर सावरतं. १९९४ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नर निवडणुकीच्या वेळी मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मतदारांना विचारलं होतं की तुमचा उमेदवार हरला तर महिन्याभराने तुम्हाला कसं वाटेल. बुश जिंकले, आणि हरलेल्या अॅन रिचर्ड्स यांच्या समर्थकांना महिन्याने त्यांनी सांगितलं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं. म्हणून पहिल्या रात्री देश सोडायचे, नोकरी सोडायची, मित्र तोडायचे निर्णय नकोत.

नातेवाईक डिवचतायत तर?

ग्रुप म्यूट करा, सोडू नका. सोडला की तीच बातमी होते. आणि तुमची बाजू जिंकली असेल तर त्याच रात्री हरलेल्या दोस्ताला मीम पाठवू नका, दोन दिवसांनी पाठवा, तेव्हा तोही हसेल.

जिंकलेल्यांच्याही चुका असतात

हे कोणी सांगत नाही. अनपेक्षित जिंकलेल्यांना वाटतं आपण खरंच तेवढे भारी आहोत, आपल्याला सगळ्यांनी कमी लेखलं होतं, आता असंच खेळायचं, असंच राज्य करायचं. निसटत्या बहुमताला लोकांचा पूर्ण कौल समजून मनात येईल ते निर्णय घेणारी सरकारं सगळ्यांनी बघितलीत. खेळात तर हिशोब आठवड्याभरात होतो. अर्जेंटिनाला हरवल्यावर सौदी अरेबियात दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली, ते ठीकच आहे, सुट्टी देण्यासारखीच मॅच होती ती. मग ते पोलंडकडून २-० ने हरले, मेक्सिकोकडून २-१ ने हरले आणि ग्रुपमध्ये शेवटचे राहून घरी गेले, आणि ३६ मॅचेस न हरता आलेली ती अर्जेंटिना, जिच्यावर पहिल्या रात्री श्रद्धांजलीच्या पोस्टी पडल्या होत्या, १८ डिसेंबरला त्याच लुसेलच्या मैदानावर फ्रान्सला पेनल्टीवर हरवून कप घेऊन गेली.